तिसऱ्या पानावरचा सुदेश

आमचा सुदेश खोलीत चादर घालतो तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहते. चारी कोपरे असे दुमडतो, की पोस्टाचं पाकीटच. मग टॉवेलाचा बगळा करतो. बगळ्याला मान, मानेला बाक, चोचीत जास्वंदीचं फूल. "मेल्या, बायलेचो वाढदिवस तुका आठवणा नाय, पण बगळ्याची मान वाकडी झाली तर तुका जेवण जाणा नाय," असं मी म्हणते, आणि तो खाली बघून हसतो. बोलायचं म्हटलं की याच्या जिवावर येतं.

हे सगळं तो जहाजावर शिकला. पर्यटकांची मोठमोठी जहाजं असतात ना, त्यांवर सात वर्षं होता. आधी चादरी, मग स्वैपाकघर. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने तारकर्लीत. त्याची रिया जन्मली तेव्हा हा कुठल्याशा बर्फाच्या देशाजवळ तीनशे माणसांसाठी अंडी उकडत होता. पोरगी दोन वर्षांची होईपर्यंत त्याला 'फोनातलो बाबा' म्हणायची. हा खराखुरा घरी आला की त्याला बघून रडायची आणि फोन मागायची. ते एकदा बघितलं आणि हा परत गेलाच नाही. बापाच्या माडांच्या बागेत चार खोल्या बांधल्या, आईचं नाव दिलं, 'यशोदा होमस्टे', एक साइट काढली आणि राहिला. त्याला चार वर्षं झाली. मी नात्याने त्याची काकी लागते, आणि पाहुण्यांचं जेवण माझ्याकडे आहे. म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

गोष्ट ऑक्टोबरातली. दिवाळीला पंधरा दिवस आणि चारपैकी एकच खोली ठरलेली. तीही एका पाहुण्याने 'बहुतेक' म्हणून ठेवलेली. गेल्या वर्षीही तसंच, त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. आणि त्याच आठवड्यात मुंबईहून जहाजवाल्यांचा निरोप आला. जुनी जागा मोकळी झालीय, नऊ महिन्यांचा करार, शनिवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवा.

रियाला कोणी सांगितलं नव्हतं. ती आता सहा वर्षांची आहे, आणि बापाच्या मागे मागे फिरून उशांना अभ्रे घालते.

"काकी, तिसऱ्या पानार कोण जाता गो?" सुदेशने मला बुधवारी विचारलं होतं. गुगलवर 'तारकर्ली होमस्टे' असं घातलं की पहिल्या पानावर दहा नावं, दुसऱ्यावर दहा, आणि आमचं तिसऱ्याच्या तळाला. माणूस दोन पानं बघून खोली घेतो आणि मोकळा होतो. तिसऱ्यावर जाणारा एकच माणूस मला माहीत होता, तो म्हणजे सुदेश. रोज सकाळी उठून आपलं नाव आहे का ते बघायचा.

शुक्रवारी दुपारी पुण्याच्या निलेशचा फोन आला. हा निलेश गुगलवर साइटी वर काढून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीत होता, आणि आठवडाभर सुदेशच्या मागे लागला होता. सुदेशने फोन स्वैपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. मी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकलत होते. नम्रता, म्हणजे सुदेशची बायको, नुकतीच बालवाडीत शिकवून आली होती, पर्ससुद्धा खांद्यावरच.

"सर, तुमची साइट छान आहे, फोटो छान आहेत," निलेश म्हणाला. "पण तुमच्याकडे बोट कोण दाखवतंय? कोणीच नाही."

लिंक म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच्या साइटीवरून कोणी तुमच्या साइटीकडे बोट दाखवलं, की ती लिंक. मालवणच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाला पाच जणांनी एकाच खानावळीकडे हात करून दाखवलं, तर तो तिथेच जेवेल ना? गुगलचंही तसंच. जितकी चांगली माणसं तुमच्याकडे बोट दाखवतील, तितके तुम्ही वर. आणि निलेश ही बोटं विकत होता.

तीन तऱ्हा होत्या. सुदेशने कागदावर आपल्या टापटीप अक्षरात लिहून घेतल्या. पहिली स्वस्तातली, शंभर साइटींच्या याद्यांमध्ये नाव टाकायचं. दुसरी, दहा प्रवासाच्या साइटींवर सुदेशच्या खोल्यांबद्दल लेख छापून आणायचे. लिहिणाऱ्यांनी तारकर्ली पाहिलेली नसली तरी चालतं. तिसरी सगळ्यात महाग. जुने, लोकांनी आधीच वाचलेले लेख असतात, त्यांच्या पोटात गुपचूप सुदेशचं नाव घुसवायचं.

"तिसरं सगळ्यात स्ट्राँग, सर. चाळीस हजारात सगळं. दिवाळीनंतर तुम्ही पहिल्या पानावर."

मला राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "पैसे घेऊन नाव घातलंय, असं खाली लिहिणार का हो?"

"नाही मॅडम. तसं लिहिलं तर गुगल ते मोजतच नाही. मग फायदा काय?"

"म्हणजे लपवायचं."

फोनातून हसण्याचा आवाज आला. "मॅडम, सगळेच करतात. तुमच्या शेजारी देवबागला जे दोन नंबरला आहेत, ते काय असेच चढले? सर, संध्याकाळी सहापर्यंत कळवा. उद्यापासून रेट बदलतोय."

फोन बंद झाला. नम्रताने पर्स टेबलावर आपटली.

"घेवन टाक," ती म्हणाली.

"नमू, चाळीस हजार..."

"माका दिसता चाळीस हजार. पाण्याच्या टाकीसाठी ठेवलेले तेच दे, खड्डो पुढच्या वर्सा खणू. उद्या बारा वाजता तू तेंका हो म्हणशीत आणि मगे नऊ म्हयने मी रियाक फोन दाखवतलंय. तुका ता होया?"

"नको."

"मगे दे पैसे."

सुदेश नख खायला लागला. जहाजावर सात वर्षं राहून आलेला माणूस, इतका टापटीप, पण टेन्शन आलं की नख तोंडात. "गुगलवाल्यांनी पकडल्यानी तर?" तो म्हणाला.

"जानकीक पकडल्यानी? दोन नंबरार बसलीहा ना ती!"

देवबागची जानकी म्हणजे दहा खोल्यांची मालकीण. आवाज असा, की खाडीपलीकडच्या भोगव्यापर्यंत जावा. मी म्हटलं, "मगे जानकीकच विचारूया."

"ती कित्याक सांगात, काकी? सुदेश जहाजार गेलो तर तिकाच बरा. चार खोल्यो कमी."

खरं होतं. पण माझा जानकीवर एक हक्क आहे, तो म्हणजे माझ्या हातचं तिसऱ्यांचं सुकं. मी फोन लावला. "जानक्ये, सुक्या करतंय. चार वाजेपर्यंत इलंस तर गरम गावतला, नायतर सुदेश संपवता." सुदेश त्या दिवशी सकाळपासून चहावर होता, पण जानकीला ते कुठे माहीत?

साडेचारला तिची स्कूटर अंगणात आली. ताट पुढे ठेवलं. तिने पहिला घास घेतला, आणि तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. वाचता वाचता तिचा हात थांबला. जेवताना जानकीचा हात थांबलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"ह्या कोणी दिल्यान?"

"पुण्याच्या माणसान," सुदेश म्हणाला. "सा वाजता सांगूचा आसा."

"तू कितक्याक घेतलंस गो?" मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं. "दोन नंबर काय असोच गावता?"

मला वाटलं ती ओरडेल. पण ती हळूच बोलली, आणि त्यानेच मी घाबरले. "दोन वर्सांपूर्वी माझ्या खोल्यो वर्सभर बंद होत्यो. आठवता?"

"तू दुरुस्तीक काढलेलंस."

"कसली दुरुस्ती? एक वीट हलवक नाय. मी ह्याच केलेलंय. ह्याच तिसरा." तिने कागदावर बोट ठेवलं, मसाल्याचं. "पाच म्हयने वर होतंय. एक नंबरार. रोज फोटो काढून भावाक पाठवी. मगे एक दिवस सकाळी बघलंय तर पयल्या पानार नाय, दुसऱ्यार नाय, धाव्या पानार नाय. साइटच जशी खाडयेत बुडाली. कंपनीवालो फोन घेणा नाय. मगे ज्या ज्या साइटींर माझा नाव घातलेला, तेंका एकेकाक मीच लिवलंय की काढा म्हणान. तर काढूक परत पैसे! घालूक पैसे, काढूक पैसे! वर्सभर एक पावणो नाय. लोकांका काय सांगू? आवशीचो घो, खोल्यो दुरुस्तीक काढल्यो म्हणान सांगलंय. आताचो दोन नंबर ता सगळा काढून, वाट बघून गावलो."

मी जानकीला एवढी वर्षं चिडवते, पण त्या वर्षाबद्दल चिडवायला कधी काही हाती लागलं नव्हतं, ते का, हे आत्ता कळलं. आणि आता हाती लागलं तर चिडवावंसं वाटेना.

नम्रता मात्र तिच्याकडे एकटक बघत होती. "पाच म्हयने तरी वर होतंस ना?"

"होतंय."

"आमका पाचच म्हयने होये. मेपर्यंत. तवसर हेका जावचा लागाचा नाय."

"आणि मगे?" सुदेश म्हणाला.

"मगेचा मगे!"

"मगे साइट जातली, नमू. आवशीचा नाव आसा तेच्यार."

"आणि तू गेलंस तर तेच्यापेक्षा बरा?" नम्रताचा आवाज फाटला. अंगणात रिया शेजारच्या पोरीशी खेळत होती, ती थबकून दाराकडे बघायला लागली. मी तिला हातानेच खेळ म्हणून सांगितलं.

पाच वाजून गेले होते. निलेशचा परत फोन. पाच हजार कमी केले होते त्याने, आणि रांगेत आणखी तिघे आहेत म्हणत होता. "सर, मी पेमेंटची लिंक पाठवतो, तुम्ही फक्त पैसे टाका." सुदेशच्या मोबाइलवर पैसे भरायचं पान उघडलं. नम्रताने त्याचा हात धरला. थांबवायला की दाबायला, मला कळलं नाही. मला वाटतं तिलाही कळलं नसावं.

"रव मारे जरा!" जानकी उठली. हात धुऊन आली आणि तिने सुदेशचा लॅपटॉप आपल्यापुढे ओढला. "माका एक समजणा नाय. तुझी साइट चार वर्सांची. फोटो बरे. पावण्यांनी तारीफ केलेली. इतक्या जुन्या साइटीन दुसऱ्या पानार तरी आसूक होया. तू तिसऱ्याच्या तळाक कसो? ह्या वर्सा साइटीत काय केलंस?"

"काय नाय. नारळी पुनवेक चालू केलंय, दरवर्सासारखी."

"चालू केलंस म्हणजे?"

"म्हणजे चालू. पावसात बंद आसता ना."

जानकी त्याच्याकडे बघत राहिली. "साइट?"

"होय. होड्यो वर ओढतत, माडाच्या झापांनी शाकारतत, मी खोल्यो बंद करतंय, पाटी उतरवतंय. साइट उघडी ठेवन काय करू? लोक फोन करतत, हौसेन विचारतत, आणि तेंका नाय म्हणान सांगूचा. माका ता जमणा नाय. म्हणान जून लागलो की काढतंय, आणि पुनवेक समुद्राक नारळ दिलो की परत लावतंय."

यात चुकीचं काय ते मला कळेना. नम्रतालाही कळेना. किनाऱ्यावर कोण करत नाही हे? पावसाचे महिने म्हणजे सगळं मिटून ठेवायचं. हॉटेलवाले छप्परं काढतात, होड्या घराशी येतात. मग साइट तेवढी काय म्हणून पावसात भिजत ठेवायची?

जानकीने दोन्ही हात डोक्याला लावले. "सुदेशा, अरे पाऊस हय पडता, गुगलात नाय! तेचो माणूस येवन बघता, दार बंद. परत येता, बंद. परत येता, बंद. तीन म्हयन्यांनी तो वहीतसून तुझा नाव खोडता. पुनवेक तू परत पयलीत बसतंस. चार वर्सां तू दरवर्सा पयलीत बसतंस रे!"

मग तिने काहीतरी शोधून बघितलं. नाशिकच्या एका शाळेतल्या सरांची साइट निघाली. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी बायकोमुलांसह आमच्याकडे चार दिवस राहिले होते, माझ्या हातची सोलकढी तीन तीन वाट्या प्यायले होते. तारकर्लीवर लांबलचक लिहिलं होतं त्यांनी. सुदेशच्या बगळ्याचा फोटोसुद्धा होता. आणि त्याखाली नंतर जोडलेली एक ओळ. 'यशोदा होमस्टेची साइट आता उघडत नाही. बहुतेक ते बंद झालं असावं, म्हणून लिंक काढून टाकली आहे.'

जानकीने आणखी दोन दाखवल्या. एक पाणबुड्यांच्या क्लबची, एक डोंबिवलीच्या सहलीच्या ग्रुपची. एकीवरची लिंक मोडलेली, दुसरीवरची गायब. म्हणजे ज्या बोटांसाठी हा चाळीस हजार मोजायला निघाला होता, तशी तीन बोटं याच्याकडे आपणहून वळली होती. कोणी न सांगता. आणि ती याने स्वतःच्या हाताने खाली पाडली होती, कुणाला नाही म्हणायला लागू नये म्हणून.

'बहुतेक बंद झालं असावं.' सुदेश ती ओळ परत परत वाचत होता. ओठ हलत होते त्याचे.

"आता चालू ठेवली," नम्रताने हळूच विचारलं, "तर कितक्या दिवसांत वर येतली?"

खोटं बोलायची जानकीला चांगली सवय, पण तेव्हा बोलली नाही. "चार म्हयने. कदाचित सा. नक्की कोण सांगूचो नाय. जो सांगतलो तो पुण्याचो."

खोलीतली हवाच गेली. चूक सापडली, पण उद्याचे बारा काही चार महिन्यांसाठी थांबणार नव्हते.

सहाला पाच मिनिटं असताना निलेशचा फोन आला. सुदेशने घेतला. "नको," एवढंच म्हणाला. तिकडून बरंच काही येत राहिलं. सर, तुमचं नुकसान आहे, सर, नंतर पस्तावाल. सुदेश सगळं ऐकून घेत होता. नाही म्हणून फोन ठेवायचं त्याला जमत नव्हतं. शेवटी मीच फोन काढून घेतला आणि बंद केला. नम्रता उठून मागच्या परसात निघून गेली.

जानकी निघताना पायरीवर थांबली. "नाताळात माझ्या धाय खोल्यो भरतत. रोज पंदरा फोन येतत आणि ते लोक गोव्याक वळतत. माझ्या साइटीर मी लिवतंय, आमच्याकडे जागा नसल्यास यशोदा होमस्टेत विचारा. तुझी लिंक घालतंय. पैसे नको."

"कित्याक गो?" माझ्या तोंडून निघालंच.

"तुझ्या सुक्यासाठी," ती म्हणाली. मग स्कूटरची किल्ली बोटात फिरवत राहिली. "दोन वर्सां ह्या कोणाक सांगूक गावला नव्हता, काकी. आज बरा वाटला." आणि गेली.

शनिवारी मी सकाळीच जाऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कधी कोण बोलावतं? सुदेशने चारही खोल्यांच्या चादरी बदलल्या, एकही पाहुणा नसताना. अकरा वाजता नम्रता बालवाडीतून लवकर सुटून आली. सुदेश टेबलाशी बसला होता, पुढे मोबाइल, आणि करारात लिहिलेला पगार एका कागदावर. त्या आकड्याकडे बघितलं की कुणाचीही जीभ टाळूला चिकटेल.

"चार म्हयने म्हणाली जानकी," सुदेश म्हणाला. "कदाचित सा. म्हणजे ह्यो सीझन गेलोच, नमू. जानकीकडसून चार पावणे इले तर इले. मी नऊ म्हयने जावन येतंय. तवसर साइट वर येयत. तू फक्त चालू ठेव."

म्हणजे याने रात्रभरात हिशेब लावला होता, आणि तो बरोबर होता. चुकीचा असता तर बरं झालं असतं. मी उठून पाणी प्यायले.

नम्रताने पगाराचा कागद उचलला. वाचला. उलटा करून ठेवला.

"चार म्हयने मी काढतलंय," ती म्हणाली. "सा लागले तर सा पण काढतलंय. शिकवणी घेतलंय, काकीक जेवणात मदत करतलंय. नऊ म्हयने काढूक माका जमाचे नाय. दोनदा काढलंय, आता नाय."

"सीझन रिकामो गेलो तर?"

"जाऊ दे रिकामो. तू हय आसतलंस ना?"

पावणेबाराला त्याने मुंबईला फोन लावला. पलीकडचा माणूस घाईत होता. सुदेश म्हणाला, "सर, मी येऊ शकत नाही." पलीकडून कारण विचारलं. सुदेशने तोंड उघडलं, मिटलं, नम्रताकडे बघितलं. मला वाटलं, आता हा वितळतो. नाही म्हणायची वेळ आली की हा माणूस हमखास वितळतो.

"नाही सर," तो परत म्हणाला. "यंदा नाही, पुढेही नाही. माझं नाव काढून टाका."

त्याने फोन ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नम्रता भिंतीला टेकून उभी होती, जशी कोणी आत्ताच होडीतून उतरवलेली. दिवाळीच्या खोल्या रिकाम्याच होत्या, 'बहुतेक'वाल्याचाही पत्ता नव्हता, आणि मी तांदूळ निवडायला घेतले.

थोड्या वेळाने सुदेशने लॅपटॉप पुढे घेतला आणि नाशिकच्या सरांना लिहायला बसला. एक ओळ लिहायचा, खोडायचा. मी वाकून बघितलं. 'आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा करतो' असं काहीतरी चाललं होतं.

"मेल्या, कुशल नंतर विचार," मी म्हटलं. "आधी सांग की तू जिवंत आसस."

त्याने ते सगळं पुसलं आणि लिहिलं, 'सर, आम्ही बंद झालो नाही. चूक माझी होती.' मग माझ्याकडे वळून विचारलं, "काकी, लिंक परत घाला असा सरळ सांगू? का बरा दिसाचा नाय?"

"सरळ सांग," नम्रता भिंतीशीच उभी राहून म्हणाली. "आता सरळच सांगूक शिक."

त्याने सरळ लिहिलं, एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.